पडण्याचा तास

सेलूच्या मोंढ्यामागं, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात
आमची मॅट म्हणजे
सरकीच्या पोत्यांत कोंबलेला गाद्यांचा जुना कापूस,
वर ताडपत्री, चारी बाजूंनी दाव्यानं ताणलेली.
पाऊल टाकलं की अजून
एखादी सरकी टाचेला लागते.

इथंच अठरा वर्षांची असताना
लातूरच्या एका पोरीला मी कमरेवरून असं फेकलं
की तिचेच वडील टाळ्या वाजवत उभे राहिले, चुकून.
पुढच्या महिन्यात माझा गुडघा गेला.
सर म्हणाले, ऊठ.
मी उठले.
ते उठणं अजून दुखतं, थंडीत, जिना उतरताना.

कोच व्हायचं तर तीन पेपर, एक प्रात्यक्षिक,
फी साडेचार हजार.
पतसंस्थेच्या काउंटरवर बसून
पिग्मीच्या पावत्यांच्या पाठीवर लिहून पाठ केलं:
कुझुशी, म्हणजे समोरच्याचा तोल काढून घेणे.
उकेमी, म्हणजे पडणे.
मात्ते, म्हणजे थांब.
गिरामसाहेब चष्म्यावरून विचारायचे,
"प्रयाग, हे कुठलं थकीत खातं?"

पहिल्या वर्षी नापास झाले.
प्रश्न होता: सरावात खेळाडूस इजा झाल्यास
प्रथम काय कराल? गुण पाच.
उत्तर येत होतं. बर्फ, आधार, हलवू नये.
तरी पेन अडलं,
आणि लिहिलं गेलं ते एवढंच:
त्याला ऊठ म्हणणार नाही.
पुढची दोन पानं कोरी.

दुसऱ्या वर्षी नांदेड.
पहाटेची पॅसेंजर, पूर्णेला उगीच उभी राहिलेली,
डब्यात भाकरी, ठेचा, गुडघ्याला क्रेप बँडेज.
परीक्षक बाई किरकोळ अंगाच्या, कानाची पाळी चुरगळलेली.
आमच्यातल्याच. ते कानावरून कळतं.
त्यांनी मला एक पोरगं दिलं, नऊ वर्षांचं,
बहुतेक वॉचमनचं, मुजम्मिल नावाचं.
"पंधरा मिनिटं. याला मागं पडायला शिकवा."

मी म्हणाले, हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर.
त्याला पट्टाच नव्हता. नाडी होती.
बरं, नाडीच्या गाठीवर.
तो भिंतीला चिकटून. "मैं नै पडता."
सात मिनिटं गेली.
मला काही सुचलं असं नाही,
गुडघाच मुडपला
आणि मी पडले, खरीखुरी,
हात मॅटवर आपटला, फाट्‌.
तो हसला. "और एक बार."
मी पडले. और एक बार.
अकराव्यांदा बघते तर तोही शेजारी पडलेला,
आणि आम्ही दोघं छताच्या पत्र्याकडं बघतोय,
तिथं एक चिमणी अडकलेली.
बाई "मात्ते" म्हणाल्या, पण हळू,
जणू कुणाची झोपमोड नको.

सहा आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं.
प्रयाग सूर्यतळ नाही,
प्रयोग सूर्यतळ.
आई म्हणाली, बदलून घे बाई.
म्हणजे अर्ज, झेरॉक्स, बाँड, पुन्हा पूर्णेला अर्धा तास.
मी लॅमिनेशन केलं आणि शेडात लावलं,
कापूस जोखायच्या गंजक्या काट्याच्या वर.
त्याच काट्यावर आम्ही पोरींचं वजन करतो.
दोन किलो जास्तच दाखवतो तो, सगळ्यांना माहीत आहे.

बारा पोरी आहेत आता, दोन पोरं.
दहावीतली दुर्पदा एकदा गळा धरते
तर समोरची दोनदा थापटते, तीनदा थापटते,
हिची मूठ सुटत नाही.
सध्या तिला तेवढंच शिकवतेय, थाप ऐकू येणं.
फेकणं येईल. ते तिच्या हाडात आहे,
घागरी, सोयाबीनचे कट्टे, धाकटा भाऊ
उचलून उचलून आलेलं.

काल तिनं मला फेकलं.
चांगलं फेकलं.
मी जरा जास्तच वेळ पडून राहिले,
पाठीखाली सरकी टोचत होती.
पट्टा सोडून तिनं वाकून बघितलं,
म्हणाली,
"मॅडम, लगेच नका उठू."