परातीतलं बेट

चोइथराम मंडीत अळकुड्या विकणारा म्हणाला,
उपासाला हव्यात का?
निषाद म्हणाला, नाही, बेटाला.
त्याने न बोलता दोन जास्त टाकल्या.

सुदामानगरात, दुसऱ्या मजल्यावर,
आमची शाळा म्हणजे ओटा, फरशी आणि मी.
पितळी परातीत समोरच्या बांधकामावरून मागून आणलेली वाळू,
भोवती पाणी, पाण्यात मूठभर मीठ.
बोट बुडवून चाखायचं, थुंकायचं,
पुन्हा चाखायचं.

नारळ इथे मिळतो तो सोललेला, शेंडीसकट, देवाचा.
अख्खा शोधायला सियागंज पालथं घातलं.
मग तासभर पाना, पेचकस, दाराची फट.
शेवटी रुसून तो नारळावरच बसला.
"तिथली मुलं कशी सोलतात?"
जमिनीत रोवलेल्या टोकदार काठीवर, मी म्हटलं.
वाचलेलं. हाताला ठाऊक नसलेलं.
काथ्या निघाला तेव्हा नखात रक्त होतं
आणि ते दाखवत तो जिनाभर हिंडला.

अळकुड्या उकडल्या, वरवंट्याने चेचल्या,
झाकून ठेवल्या आंबायला.
तिकडे खातात अशाच, दोन बोटांनी.
तिसऱ्या दिवशी शेजारच्या पुराणिककाकू नाकाला पदर लावून,
"अगं, काही मेलंय का तुमच्याकडे?"
निषादने दोन बोटं भरून तोंडात घातली,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग वरून जिरावन भुरभुरवलं.
"आता जमलं."

समुद्र मीही पाहिलेला नाही.
हे त्याला अजून सांगितलं नाही.
मी लाटांचा आवाज काढून दाखवते
तो कुकरसारखा येतो.

रात्री परातीवर वाकून त्याने विचारलं,
"एवढ्या पाण्यात राहून ते पितात काय?"
पाऊस साठवतात, म्हटलं. पन्हळीने, थेंब थेंब.
"आणि नाही पडला तर?"

तेवढ्यात खाली नर्मदेचं पाणी आलं,
एक दिवसाआड येतं तसं,
जिन्यात बादल्यांचा गलका.
माझ्याआधी तो धावला, हंडा घेऊन,
अर्धा सांडत वर आला,
आणि पिंपात ओतायच्या आधी
एक वाटी भरून वाळूत रोवली, मधोमध,
हलणार नाही अशी.

सकाळी वाळूतूनच कुठूनशी एक मुंगी निघाली होती,
वाटीच्या काठावर उभी.

आता परात रिकामी करता येत नाही.
आणि रविवारी पाहुण्यांसाठी कणीक मळायची आहे.