एक जून

निपानियाच्या पुढं, बायपासला लागून
नऊ मजले चढत होते. तिथून ती आली.
कडेवर भाऊ, भावाच्या मुठीत अर्धं बिस्किट,
आणि खिडकीपासून चार पावलं लांब तिची आई,
सावली मोकळी असून उन्हात उभी.

नाव?
थावरी.
बापाचं?
नानसिंग. गाव कट्ठीवाड्याच्या अलीकडं.
जन्मतारीख?
तिनं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, थावर.
मी म्हटलं, नाव नाही, तारीख.
आई पुन्हा म्हणाली, थावर,
या खेपेला मोठ्यानं,
बहिऱ्याला सांगावं तसं.

डावरभाऊ घंटा वाजवून येत होते. म्हणाले,
बाई, आमच्यात शनिवारला थावर म्हणतात.
सोमवारची सोमली, बुधवारची बुधली.
म्हणजे पोर जन्माचा दाखला
हाकेतच घेऊन हिंडत होती
आणि मी कागद मागत होते.

शनिवार कुठला पण?
मोहाची फुलं वेचून झाली होती,
आणि हातपंप त्याच साली बसला,
ज्याला पुढं कधी पाणी आलं नाही.

माझ्या वडिलांची जन्मतारीख एक जून.
काकांची एक जून. आत्याचीसुद्धा.
हेडमास्तरांनी पोराचा उजवा हात
डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहिला,
पोचला, म्हणाले, सहा पूर्ण,
आणि टाक दौतीत बुडवला.
तेवढ्या खोट्यावर वडील
मिलच्या हिशेबाच्या खोलीपर्यंत गेले.
पेन्शनसुद्धा त्याच तारखेवर मिळाली.

थावरीला म्हटलं, हात डोक्यावरून ने.
तिनं भाऊ आईकडं दिला.
पोचला. पाळीच्या खाली दोन बोटं आणखी,
नखांत सिमेंट.

मी टाईप केलं: एक जून.
संगणक म्हणाला, दाखला जोडा.
पुन्हा टाईप केलं. पुन्हा दाखला.
त्याला कान नाही, त्याला कुणाचा हात पोचणार?

भिंतीवर नियम टांगलाय, काचेच्या फ्रेममध्ये,
हार घालायचा तेवढा राहिलाय:
वयाचा कागद नाही म्हणून
कोणत्याही मुलाला परत पाठवू नये.
नियम भिंतीवर. संगणक टेबलावर.
मी टेबलाशी बसते.

तरी बसवलं तिला पहिलीत.
हजेरीच्या शेवटच्या पानावर नाव, पेन्सिलीनं.
पुस्तक नाही, गणवेश नाही.
डावरभाऊ दुपारी एक ताट चुकून जास्त मोजत.
भाऊ मांडीवर. ती ‘क’ गिरवायची तेव्हा
तो तिच्या कोपराबरोबर हलायचा.

पंचायतीला दोन पत्रं टाकली.
दिवाळीनंतर उत्तर आलं, शिक्क्यासह:
सदर बालिका गावात आढळून आली नाही.
मी ते वाचलं तेव्हा सदर बालिका
समोर पायरीवर भावाचं नाक पुसत होती.

मग नववा मजला पुरा झाला.
कंत्राटदारानं एका रात्रीत ट्रक भरला.
कुणी म्हणालं देवास, कुणी म्हणालं पीथमपूर.
तिथं आता गॅलरीत कपडे वाळतात,
सकाळी कचऱ्याची गाडी गात येते
आणि ओला-सुका वेगळा मागते.
इमारत स्थावर.
थावरी जंगम.

परवा एक माणूस आला, बोटाला मुलगा.
नाव बुधिया. पुढचं विचारायच्या आधी
मी उठले, खुर्चीवर चढले,
नियम खिळ्यावरून काढला
आणि पडद्याला टेकवून ठेवला, तोंड माझ्याकडं करून.
डावरभाऊ म्हणाले, बाई, मशीन झाकलं गेलं.
म्हटलं, जाऊ दे थोडा वेळ.

बुधियाला म्हटलं, हात डोक्यावरून ने.
नेला. नाही पोचला. बोटभर कमी.
बाप माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
म्हटलं, मान जरा
वाकडी कर की रे.