नाकाएवढ्या उंचीवर

वडगावच्या बाजारातनं आणली सतरा रेडकं,
सतरा दावणींची, एकमेकांना अनोळखी,
छोट्या हत्तीत उभी, तोंडावर वारा घेत.
टोपच्या माळावर उतरवली तेव्हा
खाणीची पांढरी धूळ त्यांच्या काळ्या पाठीवर
भस्मासारखी बसलेली.

दिलावर शिकलगार म्हणाला, एकशेवीस दिवस.
अडीचशे किलोच्या खाली एक बी नको.
शैलानं भिंतीवर कोळशानं रेघ मारली.

थंडी पडली आणि मला माया आली.
खताची पोती उसवून जोडली,
चारी बाजूंनी शेड बांधून टाकली,
पोराला कानटोपी घालावी तशी.
आत ऊब. वाड्याचा, मुताचा, श्वासांचा
एक दाट काढा.

पाचव्या रात्री पहिला खोकला,
कोरडा, फरशीवर वहाण आपटावी तसा.
थोड्या वेळानं दुसऱ्यानं त्याला जबाब दिला.

ऐतवडे डॉक्टरीणबाई आल्या, गमबूट पिशवीत.
जनावराला हात लावायच्या आधी म्हणाल्या,
खाली बसा.
कुठं?
हितंच, शेणात. त्यांच्या नाकाएवढ्या उंचीवर.
आता घ्या श्वास.

घेतला.
डोळ्यांतनं पाणी आलं. कांदा नाही, मिरची नाही,
माझीच माया झोंबत होती.

पोती फाडली.
वारा वरनं जाऊ दे, अंगावरनं नको.
आजारी वेगळी, त्यांची पाण्याची घमेली वेगळी.
नवीन आणलेली एकवीस दिवस लांब बांधायची.
घटसर्पाची लस खरं तर आधीच टोचायची,
पण 'आधी' हा शब्द आमच्याकडं
उशिराच पोचतो.
ताप बघायचा तो उन्हं यायच्या आत.
कूस मिनिटाला किती वेळा हलते, घड्याळ लावून.
खोकणारा कुणालाबी ऐकू येतो, बाई म्हणाल्या,
कान पाडून गव्हाणीपासनं चार पावलं मागं
गप उभा असतो, तो ओळखा.

चौदा सुधारली.
दोन गेली. बांधाकडेला खोल खड्डा, चुना, मीठ.
एक, कपाळावर चांद असलेलं,
जगलं, पण अंग धरीना.
छातीभोवती टेप, दर सोमवारी तोच आकडा.
मी पेंड वाढवली, तर दोन दिवस पोट फुगून पडलं.
फुप्फुसाचा एक कोपरा मिटलाय त्याचा,
बाई म्हणाल्या, ह्याला तारीख लावू नका.
मग दिवस किती लागतील?
त्यालाच विचारा.

एकशेविसाव्या दिवशी गाडी आली.
चौदा चढली, तेल लावल्यासारखी तुकतुकीत,
फळीवरनं चढताना एकही खोकलं नाही.
दिलावरनं पाठीवरनं हात फिरवला,
बरगडी लागली नाही, नोटा मोजल्या.

ज्यांचा श्वास रात्री जागून मोजला
तो कुठं थांबणार, हे मला पहिल्या दिवसापासनं ठाऊक.
तरी मोजला.
ह्याला काय म्हणायचं ते मी कुणाला विचारलेलं नाही,
बाईंनाही नाही.

रात्री खाणीतलं मशीन बंद झालं.
रिकाम्या शेडमधनं वारा सरळ निघून गेला,
वाटेत एकच चांद.
मी खाली बसलो, शेणात, त्याच्या शेजारी,
हात कुशीवर.

शैला दारात उभी, कोळसा घेऊन.
ह्याची रेघ कुठं मारू?

थांब जरा,
मोजतोय.
सव्वीस.
सत्तावीस.