पत्र्यावरचं बंदर

गणपती पेठेतल्या वखारीत खिळ्याला
एक पत्रा लटकायचा, सहा अक्षरं कापलेला.
बापाला वाचता येत नव्हतं, पण ती पाठ होती:
एक पोट सुटलेला, एक वाडगं,
एक पाय पुढं टाकून उभा,
एक दोन पोटांचा, एक तिवई,
शेवटी दोन खांबांत अडकलेली तिरकी काठी.
शाईचा बोळा फिरवला
की हळदीच्या पोत्याला गाव मिळायचं.
डर्बन.

सेहेचाळीसला वरनं हुकूम आला,
त्या देशाशी व्यवहार बंद.
चनबसाप्पा अण्णा चष्मा पुसत म्हणाले,
"तिथं कातडं बघून बाकडं देतात, तायाप्पा."
बापानं बोळा डब्यात टाकला.
"इथं तेवढं बघायबी लागत न्हाय, अण्णा.
आडनावात भागतं."
अण्णा हसले नाहीत.
मागच्या कोनाड्यात बापाची
कान तुटलेली कपबशी पालथी होती,
ती तशीच राहिली.
पत्राही राहिला.

हरिपूरला पेव उघडायचं म्हटलं
की पहिलं बोलावणं बापाला.
तोंडावरची माती काढायची
आणि लांब जाऊन बसायचं.
कोंडलेली हवा माणूस खाते.
मग दोरीनं कंदील सोडायचा:
विझला, तर आज नाही.
"किती वर्षं झाली ते हळदीला कळत न्हाय,"
तो म्हणायचा, "उतरणाऱ्याला कळतं."

एका साली कोनाड्यात कपबशी नव्हती.
कुणी काढली, कुणी विचारलं नाही.
सगळ्यांसारखा ग्लास त्याच्याही हातात आला.
तो धरून बसला, चहावर साय येईपर्यंत.

चौऱ्याण्णवचा एप्रिल. ऐन मोसम.
पेपरात मतदानाच्या रांगेचा फोटो,
माळाला वळसा घालून गेलेली रांग,
शेपूट फोटोत मावलं नव्हतं.
एका म्हातारीला नातवानं
मातीच्या ढकलगाड्यात बसवून आणलेलं.
बापानं फोटो डोळ्यांजवळ नेला.
"कंदील सोडला म्हण की त्यांनी."
"तेवतोय," मी म्हटलं.
"बघू. एवढ्यात उडी टाकू नको म्हणावं."

त्याच आठवड्यात अण्णांचा नातू ऑर्डर घेऊन आला.
पत्रा खाली काढला. गंज.
पोट सुटलेल्याचं पोट धरणारी पट्टी तुटून
अक्षराचा नुसता खड्डा झालेला.
नवा करून आणू, नातू म्हणाला.
बापानं ऐकलं नाही. ढिगातलं
एक जाड हळकुंड उचललं, खड्ड्यात उभं धरलं,
बोटं थरथरत होती,
"फिरव," म्हणाला.
मी बोळा फिरवला.
हळकुंड काळं, बापाचं नख काळं,
पोत्यावर अक्षर थोडं वाकडं, पण पोटासकट.

शाई वाळायच्या आत पोतं उचललं.
रात्री सदरा काढला तर खांद्यावर
ते गाव उलटं उमटलेलं.
बायकोनं दोनदा धुतला.