खुलासा

बातम्या संपल्या की मच्छिमारांसाठी सूचना.
कागदाला टाचणी लावायची नाही, माइकला ती ऐकू जाते,
आणि आवंढा स्वल्पविरामाला गिळायचा.
रत्नागिरी केंद्रावर, रोजंदारीवर, महिन्याला सहा पाळ्या,
मी वाचायचे: वारा नैर्ऋत्येचा, ताशी अमुक,
समुद्र शांत राहील.
साखरी नाट्याच्या जेटीवर म्हणे
लोक माझ्यावर घड्याळं लावायचे.

याकूब सोलकरांच्या घरी अजून आहे ते लायसन्सचं पुस्तक,
पोस्टाची तिकिटं डकवलेलं, शिक्के मारलेलं,
रेडिओचे पैसे भरल्याचा पुरावा.
पैसे भरून ऐकलेलं खोटं कसं निघेल,
एवढा साधा हिशेब होता त्यांच्या बापाचा.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी मी शांत म्हटलं
आणि रात्री समुद्र उठला.
कासम, याकूबभाईंचा धाकटा, आणि दोन खलाशी.
बर्फाची पेटी आंबोळगडला लागली. बाकी काही नाही.
बंदरात तीन नंबरचा बावटा चढला तेव्हा उजाडलं होतं.
मुंबईचा फॅक्स उशिरा आला होता, किंवा
आला होता आणि कुणी पाहिला नव्हता.
दुसऱ्या दिवशीच्या कागदावर मंत्र्यांचा दौरा होता,
मोहोरावरच्या तुडतुड्यांचा सल्ला होता.
मी विचारलं. साहेब म्हणाले, एकदा खुलासा केला
की उद्यापासून आपल्या शांतलाही कुणी शांत म्हणणार नाही.
मला ते तेव्हा पटलं होतं.

आता याकूबभाई ग्रुप चालवतात, 'नाटे खाडी खबर'.
चारशे बारा माणसं, त्यात मी एक, मुकी.
सप्टेंबरात व्हिडिओ आला: माडाहून उंच लाट, किंकाळ्या,
खाली लिहिलेलं, देवगड, आत्ता.
लोक सड्यावर पळाले, पोरं काखेत, चुलीवर भात तसाच.
रेडिओ सांगत होता, असा कोणताही इशारा नाही.
रेडिओ तर असंच सांगणार, एकानं लिहिलं,
त्याला सत्तावन्न अंगठे.
लाटेत वाहणाऱ्या मोटारींच्या पाट्या
आपल्याकडच्या नव्हत्या, हे संध्याकाळी कुणाला तरी दिसलं.
तोवर जेटीवर चार टन बांगडा मऊ पडला होता.

मग मुश्ताकचा आवाज आला, त्यांच्या मुलाचा, हॅम्बुर्गहून.
जहाज गोदीत, हा आठ दिवस मोकळा.
"अब्बा, इथंपण तसंच चाललंय.
इथं बातम्यांचे पैसे घरटी भरतात, टीव्ही असो नसो,
तुमच्या त्या पुस्तकासारखं.
आणि गोदीतला मुकादम म्हणतो, ते सगळे विकलेले.
मी विचारलं, तुला कोण बोललं?
त्यानं खिशातनं फोन काढला."
पुढे थोडा वारा, आणि कुठल्यातरी क्रेनची शिटी.

याकूबभाईंनी खाली काहीच लिहिलं नाही.
मी तो निरोप तीनदा ऐकला.
दार लावलं, पंखा बंद केला,
कागद घेतला, टाचणीशिवाय,
आणि अंगठ्यानं माइक दाबून धरला:

मच्छिमारांसाठी खुलासा.
सत्तावीस वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या मंगळवारी,
समुद्र शांत राहील असं या आवाजानं सांगितलं होतं.
ते चूक होतं.
तेव्हा आमचं नाव सांगायची पद्धत नव्हती.
वाचणारी शरयू केळुसकर.

एक करडी खूण. मग दोन.
चारशे बारा माणसांनी ऐकून
त्या निळ्या व्हायला रात्र गेली.

पहाटे, भरतीच्या वेळेला, याकूबभाई:
"बाय, मंगळवार नव्हता. सोमवार.
मंगळवारी आम्ही पेटी उचलली."

मी आधीचा निरोप खोडला नाही.
पुन्हा पंखा बंद केला.
आमच्या कालच्या खुलाशात दुरुस्ती, मी म्हटलं,
मंगळवारऐवजी सोमवार,
आणि आवंढा स्वल्पविरामाला गिळला.