कंस

केरीला, काजूच्या भट्टीमागे,
फणस आणि विजेचा खांब यांच्यामध्ये चादर ताणलेली,
पुढे पाऱ्याचा दिवा.
हुर्राकाच्या वासाने येतात की उजेडाने,
मला अजून सांगता येत नाही.

सतरा वर्षं मी या पतंगांना दोन घरांत ठेवत आले.
डावा खोका, उजवा खोका.
डांबरगोळी, टाचण्या, मुंगीएवढ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या.
पंखावरची राखी रेघ वाकली तर एक प्रजाती,
सरळ गेली तर दुसरी.
एवढ्याशा रेघेवर कुणीतरी कधीकाळी
भिंत घातली होती.

यंदा पोटं उघडली.
शेपटीकडचा भाग कॉस्टिकमध्ये उकळला,
ग्लिसरिनच्या थेंबात पसरला,
भिंगाखाली पाहिला. पुन्हा पाहिला.
चहा केला, तो तसाच निवला.
आतली कुलपं सारखी. किल्ल्याही.

नियम असा, की जुनं नाव राहतं.
नवं मरत नाही, त्याच्याखाली बारीक टाइपात जगतं.
जुन्याचं लिंग वेगळं निघालं,
म्हणून विशेषणाचं शेपूट छाटायचं :
कालपर्यंत करडा, आजपासून करडी.
आणि ज्याने त्याला पहिल्यांदा पाहून नाव ठेवलं
तो माणूस जातो कंसात.

दिवा सांभाळायला गोकुळी येते.
विचारते, कंसात म्हणजे पुसलं?
नाही गं. आहे तो. घर बदललं, एवढंच.

मग ती चादरीवरचा एक किडा बोटावर घेऊन सांगते :
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने
तिचं नाव काढलं होतं, शुभलक्ष्मी.
त्या नावाने हाक मारणारी दोनच माणसं.
सासू गेली. तो त्याच्याआधीच गेला होता.
रेशनकार्डावर शुभलक्ष्मी, मतदारयादीत गोकुळी,
आणि बँक म्हणते, या दोन बायका आहेत,
प्रतिज्ञापत्र आणा.
"तांकां पोट उगडून दाखोवं?"
ती इतकी हसते की बोटावरचा किडा उडतो.

मी हसले, मग हसता येईना.

पहाटे लाइट गेली.
चादर घडी करताना घडीत दोन राहिले,
कुठल्या खोक्यातले, पाहिलं नाही.

एका खोक्यात सगळे मावत नाहीत.
वाळपईच्या सुताराला मोठा सांगितलाय,
तो म्हणतो, चतुर्थीनंतर.
तोवर डावा, उजवा,
आणि वहीत पेन्सिलीने काढलेला
एक कंस, अजून न मिटलेला.