बहीण गोटे मोजते

लोक विचारतात, स्टाइनुन करते काय?
मी सांगतो, गोटे मोजते.
मग ते आमच्या नदीकडे बघतात.
मी मान हलवतो. इथले नाहीत.
शनीच्या एका चंद्रावरचे.

आमचा मेंढवाडा स्काफ्टाच्या काठाला.
उन्हाळ्यात हिमनदी सुटली की पाणी राखाडी होतं
आणि रात्रभर तळाशी धोंडे गडगडत जातात.
त्या आवाजानं मला झोप लागायची, तिची उडायची.
सकाळी म्हणायची, ऑरी, काल एक मोठा गेला.
शेजारचं कुणी गेल्यासारखं.

कोपनहेगनला शिकली. मग अ‍ॅरिझोनाला,
जिथे नद्यांची नुसती नावं आहेत, पाणी नाही.
तिकडून पत्रं यायची:
आज विवरं मोजली. आजही विवरंच.
प्रस्ताव तिसऱ्यांदा परत आला. म्हातारा मेंढा कसा आहे?
लग्न केलं, ते सहा वर्षं टिकलं.
नवरा म्हणाला, तू घरात असतेस तेव्हाही
दीड अब्ज किलोमीटर लांब असतेस.
सरासरी एक अब्ज त्रेचाळीस कोटी, तिने मला सांगितलं.
त्यालाही सांगितलं असणार.

सात वर्षं वाट तुडवून ते यान
जानेवारीतल्या एका शुक्रवारी
पॅराशूटला लोंबकळत उतरलं.
आई दवाखान्यात होती. मी खाटेपाशी, फोन कानाला.
डार्मश्टाटच्या खोलीत मागे आरडाओरडा,
आणि तिचा आवाज इतका बारीक,
मला वाटलं, काहीतरी बिघडलं.
"गोल आहेत रे. कडा गेल्यात."
मी आईला सांगितलं, गोल आहेत म्हणे.
आई डोळे न उघडता म्हणाली,
मग नदी असणार.

नदी होतीच. पण पाण्याची नव्हे, मिथेनची.
आणि गोटे दगडाचे नव्हेत, बर्फाचे,
एवढ्या थंडीत की बर्फच तिथला कातळ.
हे आईला सांगायचं राहून गेलं.

त्या एका फोटोवर तिने अकरा वर्षं काढली.
नारिंगी उजेड, तळहाताएवढे काही, काही मुठीएवढे,
एकाला ती "पाव" म्हणायची, एकाला "दाढ".
कुठल्याही गोट्याची मागची बाजू
कुणालाच कधी दिसली नाही.

म्हणून दर ऑगस्टला ती इथे.
नदीतले गोटे उचलायचे, तीन बाजूंनी मोजायचे, खाली ठेवायचे,
पुन्हा शंभर पावलं वर. टेप माझ्या हातात,
कुत्रा वैतागलेला.
एकदा मी गंमत म्हणून समुद्रावरचा एक आणून
तिच्या ढिगात टाकला.
तिने न बघता अंगठ्यानेच बाजूला काढला.
"हा चालला नाहीये," म्हणाली, "नुसता झुललाय."

त्यात मला नवल वाटलं नाही.
सप्टेंबरात कळप डोंगरावरून उतरतात
तेव्हा कानावरच्या कापावरून
मीही सांगतो, ही कुणाच्या घरची.

आता तिकडे नवं यंत्र जायचंय, उडणारं.
ते पोचेल तेव्हा ती एक्याऐंशीची असेल.
मागच्या वर्षी तिला विचारलं, थांबशील का तोवर?
तिने हिशेब केला, खरोखर, बोटांवर,
आणि म्हणाली, तुझी गाडी कधी धुतली होतीस?

हात थरथरतो तिचा. मापकाचा काटा वाचता येत नाही.
यंदा वही तिच्याकडे, मोजायचं माझ्याकडे.
पुरात भिजून कडक झालेली विजार, पाय बधिर,
मी एक उचलतो, काळा, कोंबडीच्या अंड्यासारखा,
तिला कमी ऐकू येतं आणि नदी काही थांबत नाही,
म्हणून ओरडून सांगतो:
सात पूर्णांक दोन!

काय?

सात! पूर्णांक! दोन!